नेम्ड टपल की डेटाक्लास: मी कुठे थांबलो आणि का

पायथनमध्ये दोन-चार व्हॅल्यू एकत्र बांधून पुढे पाठवायच्या असतील तर साधं टपल (क्रमाने ठेवलेल्या, न बदलता येणाऱ्या व्हॅल्यूंचा गठ्ठा) फार दिवस पुरत नाही. नेम्ड टपल घ्यावं की डेटाक्लास, हा प्रश्न तुम्हाला पडलाय म्हणजे हे कळलेलं असणारच. शून्याव्या जागी रुंदी ठेवली होती की उंची, हे महिन्याभराने लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. म्हणजे फील्डना, आतल्या प्रत्येक जागेला, नावं हवीत. त्यासाठी दोन वाटा: नेम्ड टपल, म्हणजे टपलच पण फील्डना नावं असलेलं, आणि डेटाक्लास, म्हणजे नुसती फील्ड सांगितली की बाकीचा साचेबद्ध कोड पायथन स्वतः लिहून देतं असा क्लास. मी आधी बरीच वर्षं पहिलं वापरलं, आता बहुतेक वेळा दुसरं वापरतो. दोन्हीकडे तथ्य आहे, पण माझा कल कुठे आहे ते पुढे लपणार नाही.

टायपिंग मॉड्यूलमधलं नेम्ड टपल हा तिसरा पर्याय म्हणून धरू नका. पायथन ३.६ पासून ते क्लाससारखं लिहिता येतं, टाइप हिंट (फील्डमध्ये कुठल्या प्रकारची व्हॅल्यू येणार याची नोंद) देता येतात, दिसायला तर डेटाक्लासचा सख्खा भाऊच. पण आत तेच टपल आहे. लिहायला मला तेच जास्त आवडतं, मात्र पुढची माझी तक्रार त्यालाही जशीच्या तशी लागू पडते.

नेम्ड टपल २००८ साली पायथन २.६ बरोबर आलं. ते रेमंड हेटिंगर यांचं काम. त्याची खरी ताकद ही की जिथे आधी टपल होतं तिथे ते गुपचूप बसवता येतं. एखादं फंक्शन दोन व्हॅल्यूंचं टपल परत देतंय आणि वीस ठिकाणी ते अनपॅक होतंय, म्हणजे फोडून एकेक व्हॅल्यू वेगळ्या नावात घेतली जातेय, तिथे नेम्ड टपल परत द्यायला लागा, कुणाला पत्ताही लागणार नाही. पायथनच्या स्वतःच्या लायब्ररीत वेब-पत्ता फोडणारं यूआरएलपार्स हेच करतं. उत्तर टपलसारखं वापरा किंवा नावाने फील्ड मागा. सॉर्टिंग फुकट मिळतं, मेमरी साध्या टपलइतकीच लागते, सीएसव्ही फाइलची (स्वल्पविरामांनी व्हॅल्यू वेगळ्या केलेली) प्रत्येक ओळ मेक मेथडने थेट ओतता येते. मेक, रिप्लेस वगैरेंच्या आधी अंडरस्कोर आहे तो तुमच्या फील्डच्या नावाशी टक्कर होऊ नये म्हणून. गंमत अशी की टपलकडून वारशाने आलेल्या काउंट आणि इंडेक्स या दोन मेथड्सना अंडरस्कोर नाही. त्या नावाचं फील्ड ठेवलंत तर मूळ मेथड मुकाट झाकली जाते. याचा त्रास मला कधी झाला नाही, पण हा मुकाटपणा लक्षात ठेवा.

माझं मत फिरलं ते एका छोट्या प्रोग्रॅममुळे. त्यात आकृत्या होत्या. आयत म्हणजे रुंदी आणि उंची, लंबवर्तुळ म्हणजे दोन अर्धअक्ष. दोन्ही नेम्ड टपल, दोन्हींना दोन-दोन फील्ड. क्षेत्रफळ काढणारं एकच फंक्शन होतं, ते आत आकृतीचा प्रकार बघून सूत्र निवडायचं. हिशेब पुन्हा पुन्हा होऊ नये म्हणून मी त्याच्यावर एलआरयू कॅशे हा डेकोरेटर चढवला, म्हणजे फंक्शनवरचं एक आवरण, जे आधी काढलेलं उत्तर साठवून ठेवतं आणि तीच वस्तू पुन्हा आली की तेच परत देतं. एवढंच.

काही दिवसांनी एका लंबवर्तुळाचं क्षेत्रफळ २४ आलं. अर्धअक्ष ४ आणि ६, म्हणजे उत्तर ७५.४ च्या आसपास हवं. सूत्र तपासलं, बरोबर. त्या आकृतीची टेस्ट एकटी चालवली, पास. सगळ्या टेस्ट एकत्र चालवल्या की नापास. टेस्टचा क्रम बदलला तर लंबवर्तुळ सुधारलं आणि आयताचं क्षेत्रफळ ७५ च्या वर गेलं! मी प्रिंट टाकून बघितलं. आयत आपल्या नावाने छापला जात होता, लंबवर्तुळ आपल्या नावाने, फील्डसुद्धा आपापल्या नावांनी. तेच मला फसवत होतं. छापताना इतक्या वेगळ्या दिसणाऱ्या वस्तू पायथनच्या लेखी एकच आहेत, ही शंका मला दीड दिवस आली नाही.

पण त्या एकच होत्या. नेम्ड टपलची बरोबरी ही टपलची बरोबरी. क्लासचं नाव, फील्डची नावं, कशालाच किंमत नाही. फक्त क्रमाने व्हॅल्यू जुळल्या की झालं. आयत(४, ६) आणि लंबवर्तुळ(४, ६) समान, दोघांचा हॅशही (वस्तू पटकन शोधायला पायथन तिच्यावरून काढतं तो अंक) समान. कॅशेने आधी आलेल्याचं उत्तर दुसऱ्याला दिलं, यात त्याची काही चूक नाही.

या डेकोरेटरला टाइप्ड नावाचा एक पर्याय आहे. तो ट्रू केला की प्रकारही बघितला जातो. मी तो लावला आणि ती जागा सुधारली. पण फक्त ती जागा. सेट, डिक्शनरीची की, यादीत 'इन' ने शोधणं, सगळीकडे दगा तसाच दबा धरून होता. टेस्टमध्ये तर आणखी वाईट. फंक्शनने आकृतीऐवजी चुकून नुसतं (४, ६) परत दिलं तरी टेस्ट हसत पास.

मग नेम्ड टपलपासून सबक्लास काढून त्यात माझी स्वतःची बरोबरी लिहिली. लगेच हॅश गायब, कारण क्लासमध्ये बरोबरी नव्याने लिहिली की पायथन वारशाने आलेला हॅश काढून घेतं. हॅश परत जोडला. तरी 'असमान आहे का?' याचं उत्तर टपलच्याच जुन्या मेथडकडून येत राहिलं. परिणामी दोन आकृतींना समान आहात का विचारलं तर नाही, असमान आहात का विचारलं तरी नाही. तिथे मी हात टेकले. ज्या वस्तूचं टपल असणंच मला नको होतं तिला ठिगळं लावण्यात अर्थ नव्हता.

नंतर डेटाक्लासचा मूळ प्रस्ताव, एरिक स्मिथ यांचा पेप ५५७, वाचताना दिसलं की नेम्ड टपल का पुरत नाही हे सांगताना त्यात अगदी हेच उदाहरण आहे: त्रिमितीतला बिंदू (२०१७, ६, २) आणि तारीख (२०१७, ६, २) समान ठरतात. आधी वाचलं असतं तर दीड दिवस वाचला असता. पण खरं सांगायचं तर वाचूनही मी 'असं कोण करतं' म्हणून पुढे गेलो असतो.

डेटाक्लास २०१८ साली ३.७ बरोबर आला. त्याची बरोबरी आधी विचारते, दोघे एकाच क्लासचे आहात का? नसतील तर विषय संपला. मी फ्रोझन आणि स्लॉट्स हे दोन्ही पर्याय ट्रू करून वापरतो. पहिल्याने वस्तू बदलता येत नाही आणि हॅश मिळतो, दुसऱ्याने प्रत्येक वस्तूमागे लागणारी डिक्शनरी टळते. स्लॉट्सचा पर्याय २०२१ साली आलेल्या ३.१० पासूनचा आहे, पायथन ३.१० किंवा पुढचं असेल तर काळजी नाही. त्याच आवृत्तीत आलेला केडब्ल्यू-ओन्ली हा पर्यायही मला फार आवडतो. नाव घेतल्याशिवाय फील्ड भरूच देत नाही, त्यामुळे रुंदीच्या जागी उंची जाण्याची वाटच बंद.

आणि चुकलात तर तो ओरडतो. फ्रोझन विसरून वस्तू सेटमध्ये टाकायला गेलात तर तिथल्या तिथे एरर. सरळ जेसनमध्ये (डेटा दुसरीकडे पाठवायच्या मजकुरी स्वरूपात) लिहायला गेलात तर एरर, आधी ॲझडिक्ट या फंक्शनने त्याची डिक्शनरी करावी लागते. नेम्ड टपल तिथेही मुकाट्याने साधी यादी होतं आणि फील्डची नावं हरवतात. ती हरवलीत हे दुसऱ्या टोकाचा माणूस तुम्हाला सांगतो.

याची किंमत आहेच. डोक्यावर डेकोरेटर आणि कंसातले पर्याय घेऊन फिरणारा क्लास दोन फील्डसाठी जड वाटतो. अनपॅक होत नाही. सॉर्ट हवं तर ऑर्डर हा पर्याय वेगळा मागावा लागतो. डीफॉल्ट म्हणून रिकामी यादी दिली तर नकार मिळतो, त्यासाठी फॅक्टरी, म्हणजे दर वेळी नवी यादी बनवून देणारं फंक्शन, द्यावी लागते. फ्रोझन डेटाक्लासची वस्तू बनायला थोडा जास्त वेळ लागतो, कारण प्रत्येक फील्ड आडवाटेने भरलं जातं. मला हा फरक कधी जाणवला नाही, पण मी एका दमात लाखो वस्तू बनवत नव्हतो. तुम्ही बनवत असाल तर माझ्यावर विसंबू नका, स्वतः मोजून बघा.

म्हणून जुन्या फंक्शनचं टपल सुधारायचं असेल, किंवा उत्तर हातात येताच अनपॅक होऊन संपणार असेल, तर मी आजही नेम्ड टपलच सुचवीन. पण वस्तू कुठे साठणार असेल, डिक्शनरीची की होणार असेल, किंवा तिच्यासारख्याच फील्डसंख्येची दुसरी वस्तू शेजारी राहणार असेल, तर निदान मी तरी ती जोखीम पुन्हा घेणार नाही.

बदल करायला मला एक संध्याकाळ लागली. क्लास बदलले, टेस्ट चालवल्या, आणि जिथे जिथे कोणी आकृती अनपॅक करत होतं किंवा चौकटी कंसात शून्य टाकून रुंदी काढत होतं तिथे तिथे पायथनने बोट ठेवलं. अशा नऊ जागा निघाल्या. त्यातल्या एका जागी शून्याला मी उंची समजून बसलो होतो.