ड्रॉवरचं कपाट की भिंतीवरचा प्लाय? छोट्या वर्कशॉपसाठी माझा अनुभव

गाळा छोटा, सामान रोज वाढून राहिलं, पैसे मोजकेच लावायचे. मग स्टीलचं ड्रॉवरवालं कपाट घ्यावं की सगळं भिंतीवर टांगावं? कूलर, मोटार, पंखे दुरुस्त करणाऱ्या आपल्या लाइनीत हा प्रश्न कधी ना कधी सगळ्यांनाच पडतो. मी आधी ड्रॉवर वापरले, मग बाजारातला तयार भोकांचा बोर्ड, आणि आता साधा प्लाय. माझा कल कुठं आहे ते वाचता वाचता कळेलच, पण दोन्हीकडचं जे खरं आहे ते सांगतो, कारण तुमचं काम अगदी माझ्यासारखंच असेल असं नाही.

ड्रॉवरची बाजू कमजोर नाही हे आधी सांगून टाकतो. कूलरची वुड वूल, म्हणजे जाळीतलं लाकडाच्या किसाचं गवत, बदलताना जो भुसा उडते तो ग्रीस लागलेल्या पान्यावर असा बसते की पुसूनही निघत नाही, आणि ड्रॉवर बंद असला की ती कटकटच नाही. पावसाळ्यात गाळ्यात ओल धरली तरी आतलं सामान बरंच वाचते, वर थोडं तेलाचं फडकं फिरवलं की झालं. व्हर्नियर, मायक्रोमीटर, टॅप-डाय, रीमर असं नाजूक सामान तर उघड्यावर ठेवूच नये असं माझं आजही मत आहे. कुलूप लागते हा अजून एक फायदा, ज्यांचा गाळा रस्त्यावर आहे आणि दिवसभर चार माणसं आत-बाहेर करतात त्यांच्यासाठी मोठाच. आणि खर्चाचं म्हणाल तर नवीन घ्यायची गरजच नाही, ऑफिस बंद झालं की जुनी फायलींची कपाटं भंगारवाल्याकडे येतात, तो वजनावर देते, फक्त घेताना प्रत्येक ड्रॉवर पूर्ण बाहेर ओढून पाहायचा. बेअरिंगवाला चॅनल असला तर घ्या, नुसता पत्र्यावर पत्रा घासत सरकणारा असला तर सोडा, त्यात पाने भरले की तो हलतच नाही.

मग मी ड्रॉवर काहून सोडले? कारण एकच आणि ते कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेलं नसते. ड्रॉवर उघडायला त्याच्यासमोर जागा मोकळी लागते.

आता नागपुरातला सीझन डोळ्यापुढे आणा. होळी झाली की लोक गच्चीवरून, माळ्यावरून कूलर काढतात, कुणाची मोटार जाम, कुणाचा पंप बंद, कुणाची टाकी सडून गळत असते, आणि सगळे एकाच आठवड्यात आणून टाकतात, सगळ्यांना उद्याच पाहिजे. दहा बाय बाराचा गाळा असला तर जमीन दिसत नाही, दारापासून बेंचपर्यंत कूलर, त्यातले अर्धे लोखंडी डक्ट कूलर, टाकीत गाळ आणि पाणी तसंच. आणि कपाट आपलं बिचारं मागच्या भिंतीला. हेल्पर म्हणते, दादा, बारा-तेराचा पाना द्या, आणि पाना तर खालून दुसऱ्या ड्रॉवरमध्ये. मग एक जण कूलर धरणार, दुसरा सरकवणार, पाणी सांडणार, ड्रॉवर अर्धाच उघडणार कारण पुढे अजून एक कूलर आहे, अर्ध्या उघडलेल्या ड्रॉवरमध्ये हात तिरपा घालून पाना चाचपायचा, आणि तो निघते दहा-अकराचा. कूलर परत जागेवर. मग पाच मिनिटांनी बेअरिंग ओढून काढायचा पुलर पाहिजे.

त्याचा पुढचा परिणाम जास्त वाईट आहे. ड्रॉवर उघडणं इतकं जिवावर येते की मग काढलेलं हत्यार कुणी आत ठेवतच नाही. पक्कड बेंचवर, पेचकस कूलरच्या टपावर, हातोडी जमिनीवर, आणि तो कूलर गिऱ्हाईक घेऊन गेला की त्याच्यासोबत आपला पेचकसही गेला. माणूस आळशी नसते भाऊ, वस्तू ठेवायला एका हाताचं काम लागलं तर तो ठेवते, दोन माणसांचं लागलं तर नाही ठेवत. नवतपा, म्हणजे मे अखेरचे तापते नऊ दिवस, लागेपर्यंत माझे ड्रॉवर जवळपास रिकामे आणि बेंच भरलेला, असं दरवर्षी व्हायचं. म्हणजे कपाट जागा अडवून उभं, आणि कामाचं काहीच नाही.

भिंतीचं तसं नाही. छातीच्या उंचीच्या वरची भिंत कितीही सीझन असला तरी मोकळीच राहते. कूलरच्या वरून हात लांबवला की पाना हातात, आणि ठेवतानाही तसंच. माझ्यासाठी निकाल तिथेच लागला, बाकी सगळं नंतरचं.

भिंत ठरली तरी तयार बोर्ड की प्लाय हा प्रश्न राहतेच. तयार भोकांचा बोर्ड दिसायला फार सुंदर दिसते, इंच-इंचावर भोकं, हुक कुठंही सरकवा. पण नुसत्या भोकात अडकवलेला हुक असला तर घाईत पक्कड ओढली की हुकही सोबत निघून येते आणि बेंचच्या मागे पडते, आणि तसलेच हुक नंतर सुटे मिळायची बोंब. एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचा बोर्ड असला आणि भिंतीला ओल असली तर पहिल्याच पावसाळ्यात तो फुगते, भोकाभोवतीचा भाग भुसभुशीत होते. पत्र्याचा बोर्ड चांगला, तो टिकते, पण हलक्या बजेटमध्ये बसवायचा म्हटलं तर जड वाटते. ज्यांचं काम स्वच्छ आहे, म्हणजे मोबाइल, लॅपटॉप, शिलाई मशीन वगैरे, त्यांनी पत्र्याचा घेतला तर मला वाटते पस्तावणार नाहीत.

मी प्लायवर आलो. लकडगंजात प्लायच्या दुकानात बारा एमएमचा आठ बाय चारचा तुकडा घेतला की त्याचे चार बाय चारचे दोन बोर्ड होतात, छोट्या गाळ्याला एक पुरते, दुसरा मित्राला द्या किंवा बाजूच्या भिंतीवर लावा. बरेचदा कापून उरलेले तुकडेही स्वस्तात देतात, फक्त कडा पाहून घ्या, थर सुटलेला नको. कमर्शियल म्हणजे आयएस ३०३ चा साधा एमआर ग्रेड (थोडा दमटपणा सोसणारा) कोरड्या भिंतीला चालते. भिंतीमागे बाथरूम असेल किंवा पावसात ओल येत असेल तर आयएस ७१० चा बीडब्ल्यूपी, म्हणजे वॉटरप्रूफ प्लाय घ्या, किंवा साध्याच प्लायला मागून दोन हात ऑइल पेंट मारा. आणि हे महत्त्वाचं, प्लाय भिंतीला चिकटवून ठोकू नका. मागे इंचभर जाडीच्या लाकडी पट्ट्या आधी गिट्टी (भिंतीच्या भोकात बसते तो प्लग) आणि स्क्रूनं भिंतीला लावायच्या आणि त्यावर प्लाय. मागून हवा खेळते, ओल प्लायपर्यंत येत नाही, आणि लांब स्क्रू मागे निघाला तरी भिंतीला टेकत नाही.

बोर्डाचे तयार हुक वगैरे काही विकत घेऊ नका. इतवारीत लोहा ओळीत गेलात तर खिळे, स्क्रू, एल हुक सगळं किलोवर किंवा डब्यानं मिळते, आणि प्लायमध्ये पाहिजे तिथं घुसते, भोकाची वाट पाहावी लागत नाही. स्क्रू थोडा वरच्या बाजूला तिरपा मारायचा, मग हत्यार घसरत नाही. पान्याला दोन स्क्रू, हातोडीला दोन स्क्रूवर डोकं, पेचकसासाठी लाकडाच्या पट्टीला ड्रिलनं भोकं, आणि कानशी, ब्रश, लांब बिट यांच्यासाठी पीव्हीसी पाइपचे उरलेले तुकडे तिरपे कापून लावले तर छान बसतात. छिन्नी आणि टोकदार वस्तू टोक खाली करून, आणि जड सामान, म्हणजे ग्राइंडर, मोठी हातोडी, हे खांद्याच्या खालीच. चुंबकाची पट्टी बरेच जण लावतात, दिसायला मस्त आहे, पण पेचकस चुंबकित होऊन मोटारीजवळ लोखंडाचा कीस पकडते म्हणून मी टाळतो. वाइंडिंग करणाऱ्यांनी तर टाळावीच असं वाटते.

सगळं टांगून झालं की मार्करनं प्रत्येक हत्याराभोवती रेघ मारा. हिंगणा एमआयडीसीत किंवा बुटीबोरीला ज्यांनी काम केलं त्यांना शॅडो बोर्ड माहीतच असेल, तेच हे, खर्च एका मार्करचा. संध्याकाळी शटर ओढायच्या आधी भिंतीकडे एक नजर टाकली की रिकामी रेघ दिसते, आणि लगेच आठवते की पक्कड दुपारच्या गिऱ्हाइकाच्या गच्चीवर राहिली. त्याच वेळी फोन केला तर सापडते, दोन दिवसांनी केला तर नाही सापडत. बंद ड्रॉवर हे कधीच सांगत नाही.

धुळीचं काय, हे विचाराल तर धूळ बसते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आठवड्यातून एकदा ब्लोअर मारावा लागते, आणि मृग लागायच्या आधी लोखंडी पान्यांवर तेलाचा हात फिरवावा लागते. वुड वूलचं काम मी बोर्डापासून लांब, दाराजवळ करतो. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी ड्रॉवरच घ्यावा, त्यात काही चुकीचं नाही.

बारीक सामानाचा हिशोब वेगळा आहे. ६२०१ आणि ६२०२ बेअरिंग घाईत सारखेच दिसतात, एकाचं भोक बारा एमएम, दुसऱ्याचं पंधरा, आणि चुकीचं काढलं तर शाफ्टवर बसवायला गेल्यावर कळते. पंख्याचे अडीच आणि सव्वातीनच्या आसपासचे कंडेन्सर, म्हणजे २.५ आणि ३.१५ एमएफडी (मायक्रोफॅरड), यांचंही तेच. हे उघड्या तिरप्या डब्यात (बिनमध्ये) ठेवू नका, बेअरिंग तर त्याच्या पाकिटातच राहू द्या, आत धूळ शिरली की आवाज सुरू. यासाठी छोट्या प्लास्टिक ड्रॉवरचा एक डबा बोर्डाच्याच बाजूला, डोळ्यासमोर टांगलेला बरा. म्हणजे ड्रॉवर माझ्याकडेही आहे, पण जमिनीवर नाही. घेताना मागे स्टॉपर आहे का पाहा, नसेल तर पूर्ण बाहेर येऊन सगळे वॉशर जमिनीवर. नट-बोल्ट, बुश, क्लिपा यांच्यासाठी दिवाळीत घरात जमणारे सोनपापडीचे पारदर्शक डबे पुरेसे आहेत, झाकणावर नाही, पोटावर लिहा, कारण झाकणं अदलाबदल होतात.

पंप, मोटारी, ब्लेड यांना स्लॉटेड अँगलची, म्हणजे भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्यांची रॅक लागतेच, ती दोन्ही पर्यायांत लागणार. फक्त बारा इंच खोलीची घ्या. अठरा इंची घेतली की समोरच्या पंपामागे दुसरा पंप लपते आणि आपण नवीन घेऊन येतो. जड खालच्या फळीवर, आणि वरून एका क्लॅम्पनं भिंतीला बांधून टाका. टिनाचा गाळा असेल तर इन्सुलेशन टेप आणि गोंद वरच्या फळीवर नको, मे महिन्यात पत्र्याखाली टेपचा गोंद वितळून सगळा रोल चिकट होते. वार्निश आणि थिनर तर खालीच, झाकण घट्ट लावून, ग्राइंडरच्या ठिणगीपासून दूर.

तुमचं काम लेथचं, मापाचं किंवा बारीक जुळणीचं असेल, गाळ्यात जमीन मोकळी राहत असेल, किंवा तुम्ही एकटेच काम करत असाल आणि वस्तू जागेवर ठेवायची सवय असेल, तर ड्रॉवरच बरे, आणि जुनं कपाट नीट पाहून घेतलं तर ते आयुष्यभर पुरते. पण जिथं सीझनला गिऱ्हाइकाचा माल जमिनीवर उभा राहते, जिथं दोन-तीन हात एकच पाना शोधतात, तिथं मी तरी कुणाला कपाट घ्यायला सांगणार नाही. आधी चार बाय चारचा एक प्लाय लावून एक सीझन काढून पाहा, पैसे वाचले तर कपाट नंतरही घेता येते.

गाळा भाड्याचा असेल तर मालकाला आधी विचारून घ्या, कारण पट्ट्यांसाठी भिंतीला भोकं पाडावी लागतात. सोडून जाताना बोर्ड पट्ट्यांसकट उतरवून ऑटोतही नेता येते, भोकं तेवढी पुट्टीनं भरून द्यायची.