सकाळी ट्रक धरत नाही म्हणून पंप उतरवायला लावतील, जरा थांबा

इंदूरला देवास नाक्याच्या बाजूला ट्रक दुरुस्तीची रांगच आहे. तिथल्या एका गॅरेजवाल्यानं डिझेल पंपाच्या नावावर माझ्याकडून ३१ हजार रुपये काढले. बिघाड होता एका रबरी पाइपात. गॅरेजचं नाव लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र पूर्ण सांगतो, कारण ती एकट्या त्याची नसणार.

गाडी जुनी, चार सिलिंडरची टाटा, इनलाइन पंपवाली, म्हणजे पंपात प्रत्येक सिलिंडरला डिझेल दाबून देणारा वेगळा दट्टा. मीच चालवतो. चोइथराम मंडीतून बटाटा-कांदा भरायचा, सेंधव्याहून बिजासन घाट उतरायचा, धुळ्याला खाली करायचा. रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ जोरात फिरायचा, पण इंजिन धरायचं नाही. बॅटरी बसायच्या बेतात आली की कधीतरी एक सिलिंडर उचलायचा, मग दुसरा, आणि थरथरत गाडी सुरू. त्यानंतर दिवसभर एक शब्द तक्रार नाही. धाब्यावर जेवून आलं, किल्ली फिरवली की चालू. चढावर तोंड करून लावली तर दुसऱ्या दिवशी जास्त छळायची, हेही मी मिस्त्रीला सांगितलं होतं.

त्यानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघितलं नाही, बॅटरीला मीटर लावला नाही. पंपावर हात ठेवला आणि निकाल दिला, "पंप बैठ गया भैया, एलिमेंट गए. नोझल भी डालने पड़ेंगे."

आता यातली गोम बघा. एलिमेंट, म्हणजे पंपातले ते दट्टे, झिजले की गाडी बहुतेक गरम असताना रडते. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून मागे निसटतं, सेल्फच्या कमी फेऱ्यांवर नोझलपर्यंत (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी) पुरेसा दाबच तयार होत नाही. थंड डिझेल त्या मानानं दाट, म्हणून सकाळी अशी गाडी उलट बरी सुरू होते. माझं सगळं नेमकं उलटं होतं. दुसरं म्हणजे धूर. सेल्फ मारताना पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरमध्ये पोचतंय, पण जळत नाही. मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाणं), टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ), नोझल किंवा सेल्फ हळू फिरणं, यात शोधायचं. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही. माझ्या सायलेन्सरमधून सकाळी काहीच यायचं नाही. पंपाला हात लावायच्या आधी टाकीपासून पंपापर्यंतची लाइन तपासायला हवी होती.

पंप "बनून" आला तो चंदेरी रंगात चकचकीत. सकाळी ये म्हणाले. मी जरा लवकर पोचलो, तर कॅबिनखाली गॅरेजमधलं पोरगं बसलेलं. काय करतोस विचारलं तर म्हणे साफसफाई. मनगटापर्यंत हात डिझेलनं ओला, आणि फीड पंपावरच्या (टाकीतून डिझेल ओढणारा छोटा पंप) हँडपंपाची मूठ अजून वर, पूर्ण आवळलेली नाही. मिस्त्रीनं किल्ली फिरवली, गाडी पहिल्या झटक्यात चालू. होणारच! हातानं डिझेल भरून दिल्यावर कुठलीही लाइन चालते. पैसे फोनवरून तिथेच दिले.

दुसऱ्या सकाळी घरी तोच तमाशा. फोन केला तर उत्तर तयार, "नए एलिमेंट हैं, सेट होने दो." पुन्हा गेलो तेव्हा म्हणाला कॉम्प्रेशन गेलंय, हाफ इंजिन, म्हणजे इंजिन अर्धं खोलून बनवावं लागेल. एक काम फसलं की त्याच्याहून मोठं काम काढायचं, हा यांचा जुना धंदा.

धुळ्याला गाडी खाली करताना तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला दाखवली. त्यानं एकही बोल्ट उगाच खोलला नाही. टाकीकडून फीड पंपाला येणारी लाइन सोडली आणि तिथे वेगळा पाइप लावून तो कॅबिनमागे बांधलेल्या डिझेलच्या डब्यात सोडला. हवा काढली, गाडी चालू करून बंद केली. "भाऊ, आज रात्री अशीच राहू द्या," म्हणाला. सकाळी सेल्फला हात लावताच चालू. म्हणजे पंप ठीक, नोझल ठीक, इंजिनही ठीक. दोष टाकी आणि फीड पंप यांच्या मध्ये.

मग चेसिसलगतचा रबरी पाइप त्यानं बोटांत वाकवून दाखवला. क्लिपच्या अगदी खाली केसाएवढ्या बारीक चिरा. बाहेर डिझेलचा थेंब नाही, कारण ती ओढणारी बाजू. तिथून डिझेल गळत नाही, हवा आत जाते. इंजिन चालू असताना फीड पंप गरजेपेक्षा जास्त डिझेल ओढतो आणि बुडबुडे रिटर्नच्या पाइपानं टाकीत निघून जातात, म्हणून दिवसा काही कळत नाही. रात्री मात्र त्या चिरांतून हवा शिरते आणि लाइनमधलं डिझेल टाकीत उतरतं. तोंड चढाला असलं की फार लवकर उतरतं. पाइप आणि दोन क्लिपा, दोनशे रुपयांच्या आत काम झालं. फीड पंपाचा व्हॉल्व्ह किंवा बोल्टाखालचे तांब्याचे वायसर गेले तरी हीच लक्षणं दिसतात, तेही स्वस्तातलं काम.

जाता जाता त्यानं पंपाच्या बाजूच्या झाकणाचे स्क्रू नखानं खरवडले. रंगाखाली जुना, तेलात भिजून दगड झालेला चिखल खाचेत तसाच. म्हणजे झाकण उघडलेलंच नव्हतं. इंदूरहून "जुना माल" म्हणून मिळालेली पिशवी मी कॅबिनमध्येच ठेवली होती. त्यातल्या चार नोझलांपैकी दोघांवर एक नंबर कोरलेला, बाकी दोघांवर वेगळाच. एका इंजिनातून निघालेले चारही एकाच नंबरचे असायला हवेत.

पंप खरोखर बनवला तर तो टेस्ट बेंचवर, म्हणजे पंप तपासायच्या यंत्रावर चढतो आणि ठरावीक आरपीएमला प्रत्येक सिलिंडरला किती डिझेल जातं ते मोजलं जातं. त्या आकड्यांचा कागद मागा. मला मिळाली ती वहीचं पान फाडून लिहिलेली चिठ्ठी, "पंप काम ३१०००", ना शिक्का ना सही.

पुरावे घेऊन गेलो तर गॅरेजवाला शांतपणे म्हणाला, "अगली बार लेबर नहीं लूँगा." चहा मात्र आग्रहानं पाजला.

ट्रक धंद्याचा असल्यामुळे ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही, असं मला दोघा-तिघांनी ऐकवलं. ते तितकं खरं नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून विकत घेऊन वापरलेली वस्तू धंद्याच्या कामाची धरली जात नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून विचारता येतं. माझ्याकडे पक्कं बिल नाही, पण फोनवरून दिलेल्या पैशांची नोंद आहे, रंगाखालच्या चिखलाचे फोटो आहेत आणि दोन नंबरांची नोझलं आहेत. तेवढ्यावर अर्ज लिहून जिल्हा ग्राहक आयोगात देतो आहे.