शाळेतल्या व्हिडिओचा आवाज: फोनला वायरलेस माइक की वेगळा रेकॉर्डर?

नववी-दहावीच्या मुलांना व्हिडिओ करायला शिकवायचं ठरलं, की खरेदीची यादी कॅमेऱ्यापासून सुरू होते. ती चर्चा इथे नको. शाळेचा एखादा बरा फोन आणि न डुगडुगणारा ट्रायपॉड असला की चित्राचं भागतं. मुलांचे व्हिडिओ पडतात ते आवाजात. त्यासाठी सध्या बहुतेक शाळांपुढे दोन पर्याय असतात. पहिला, फोनच्या यूएसबी-सीमध्ये रिसीव्हर खोचून शर्टाला लावायचा छोटा वायरलेस माइक. दुसरा, झूम एच१एन किंवा टॅस्कॅम डीआर-०५एक्स या जातीचा, मुठीत मावणारा वेगळा रेकॉर्डर.

वायरलेसची सोय नाकारण्यात अर्थ नाही. चित्र आणि आवाज एकाच फाइलमध्ये येतात, जुळवाजुळव नाही. माइक बोलणाऱ्याच्या तोंडापासून वीतभर खाली असतो, त्यामुळे घुमणाऱ्या वर्गातही शब्द स्वच्छ येतात. तासिका ३५ मिनिटांची असेल तर एक छोटी मुलाखत घेऊन सामान आवरेपर्यंत वेळ पुरतो. किंमतही रेकॉर्डरपेक्षा बरीच कमी.

त्याच्या खोडी ठरावीक आहेत. फोनचं कव्हर जाड असेल तर रिसीव्हरची पिन अर्धवट बसते आणि फोन काही न बोलता स्वतःच्या माइकवर जातो. काही फोनमध्ये ओटीजी, म्हणजे यूएसबीला बाहेरचं उपकरण जोडायची सोय, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते आणि १० मिनिटं वापर झाला नाही तर ती आपोआप बंद होते. म्हणजे पाहुण्यांची वाट पाहता पाहता माइक गेलेला असतो. म्हणून प्रत्येक वेळी शर्टावरच्या माइकच्या जाळीवर नख घासायचं, १० सेकंद रेकॉर्ड करायचं आणि ऐकायचं. खरखर मोठी आली तर माइक जोडलेला आहे. बोलणारा फोनकडे पाठ करून चालायला लागला की आवाज तुटतो, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी माणसाच्या शरीरातून नीट पार होत नाहीत. आणि माइकवरचं ते नॉइज कॅन्सलेशनचं, म्हणजे मागचा गोंगाट कापायचं, बटण मुलांच्या हातून हमखास दाबलं जातं. मग बोलणारा पाण्याखालून बोलतोय असं वाटतं.

हे सगळं सवयीने सांभाळता येतं. माझ्या मते पारडं फिरतं ते वेगळ्याच गोष्टीने: स्वस्त संचात रेकॉर्डिंग चालू असताना आवाज ऐकता येत नाही. फोनचं एकुलतं एक भोक रिसीव्हरने अडवलेलं, रिसीव्हरला हेडफोनची जागा नाही. ब्लूटूथ हेडफोन लावून उपयोग नाही, कारण बरेच कॅमेरा अ‍ॅप रेकॉर्डिंग करताना येणारा आवाज बाहेर सोडतच नाहीत. ओढणी माइकवर घासत होती, ओळखपत्राची चिमटी दर वाक्याला टकटक आपटत होती, हे दुसऱ्या दिवशी संगणक कक्षात कळतं. तोवर मुलाखत द्यायला आलेल्या आजी घरी गेलेल्या असतात. टेस्टने हे सुटत नाही, कारण टेस्टच्या वेळी आजी हलत नव्हत्या.

शिकवण्याच्या दृष्टीनेही हा तोटा मोठा आहे. पाच जणांच्या गटात एक फोन धरतो, एक प्रश्न विचारतो आणि बाकीचे उभे राहतात. रेकॉर्डरला हेडफोन लावता येतो. तो आला की हेडफोन घातलेलं एक मूल आवाजाची जबाबदारी घेतं. पंखा, मागच्या रस्त्यावरची रिक्षा, शेजारच्या वर्गातली कविता त्याला आधी ऐकू येते आणि ‘थांबा, परत घेऊ’ म्हणण्याचा अधिकार त्याचा असतो. आमच्याकडे रेकॉर्डर वापरणाऱ्या गटांचे व्हिडिओ कानाला जास्त स्वच्छ वाटतात. मोजमाप केलेलं नाही, पण फरक मुलांनाही कळतो.

रेकॉर्डरचं सेटिंग एकदा करून ठेवलं की त्याला रोज हात लावावा लागत नाही. फाइल डब्ल्यूएव्ही (आवाज न दाबता साठवणारी), दर्जा ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. मिनिटाला साधारण १७ एमबी जागा जाते. ऑटो लेव्हल, म्हणजे आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय, बंद ठेवायची, नाहीतर बोलणारा श्वास घ्यायला थांबला की मागचा पंखा वर येतो. लो-कट, म्हणजे खालची घरघर कापणारी गाळणी, ८० हर्ट्झला. रेकॉर्डर फ्रेमच्या जेमतेम बाहेर, तोंडापासून २० ते ३० सेंटिमीटरवर, छोट्या तिपाईवर ठेवायचा. हातात धरला तर बोटांची खसखस येतेच. बोलणाऱ्याला त्याचं सगळ्यात मोठ्याने म्हणायचं वाक्य म्हणायला लावायचं आणि लेव्हलचा काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास जाईल इतका गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) ठेवायचा. शून्याला टेकला की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पुढे दुरुस्त होत नाही. वर्गातले पंखे बंद. मैदानावर फोमची टोपी पुरत नाही, केसाळ कव्हर लागतं.

याच्याही खोडी आहेत. टॅस्कॅममध्ये रेकॉर्डचं बटण एकदा दाबलं की लाल दिवा लुकलुकतो, पण ती नुसती तयारी असते. दुसऱ्यांदा दाबल्यावर दिवा स्थिर होतो आणि रेकॉर्डिंग सुरू होतं. मुलं लुकलुकणारा दिवा पाहून खूश होतात. म्हणून दिव्यावर नाही, पुढे सरकणाऱ्या वेळेच्या आकड्यावर नजर ठेवायला शिकवावं. फोनसाठीचा, धातूच्या चार पट्ट्यांच्या पिनचा वायरवाला कॉलर माइक रेकॉर्डरला लावला तर कधी काहीच येत नाही, कधी गुणगुण येते. तीन पट्ट्यांची पिन हवी.

मोठी तक्रार फोनचं चित्र आणि रेकॉर्डरचा आवाज यांच्या जुळवणीची असते. ती थोडी वाढवून सांगितली जाते असं मला वाटतं. फ्रेममध्ये हात दिसतील अशी एक टाळी आणि त्याआधी तोंडाने ‘सीन दोन, टेक तीन’. शॉटकट किंवा केडेनलाइव्ह या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर रेकॉर्डरच्या टाळीचा उंच सुळका हात भेटतात त्या फ्रेमवर आणायचा, फोनचा आवाज म्यूट करायचा, झालं. फोनच्या आवाजातल्या टाळीपेक्षा चित्रातल्या हातांवर भरवसा ठेवावा: फोन १० मीटर लांब असेल तर टाळी त्याच्यापर्यंत २९ मिलिसेकंद उशिरा पोचते, म्हणजे ३० फ्रेमच्या व्हिडिओत जवळजवळ एक फ्रेम.

खरी अडचण लांब क्लिपमध्ये येते. फोन फ्रेमचा वेग एकसारखा ठेवत नाही, त्यामुळे सुरुवातीला जुळलेले ओठ दहाव्या मिनिटाला सुटलेले दिसू शकतात. प्रत्येक क्लिप तीन-चार मिनिटांची ठेवायची आणि शेवटीही एक टाळी घ्यायची. तरी सुटलंच तर हँडब्रेक या व्हिडिओ बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ (एकसारखा वेग) निवडून क्लिप बदलून घ्यावी. शॉटकट तर अशी क्लिप ओळखून बदलायची का, हे स्वतःच विचारतं.

तेव्हा स्नेहसंमेलनाच्या बातम्या, मुख्याध्यापकांचे निरोप, एकट्या शिक्षकाने पळत पळत करायचं काम, यासाठी वायरलेस घ्यावा. तिथे रेकॉर्डरचा आग्रह धरणं उगाच होईल. पण वर्षभराचा तास असेल आणि मुलांनी शिकायचं असेल, तर दोन वायरलेस संचांच्या पैशात एक रेकॉर्डर घेणं मला जास्त पटतं. सोबत कान पूर्ण झाकणारे वायरचे हेडफोन आणि चार्जेबल सेलच्या दोन जोड्या घ्याव्यात (झूम एच१एनला एएए, टॅस्कॅम डीआर-०५एक्सला एए). वायरलेसच घ्यायचं ठरलं, तर रिसीव्हरला हेडफोनचं ३.५ मिलिमीटरचं भोक आहे का, हे दुकानातच हेडफोन लावून पाहावं.