शंभर मण्यांची माळ: पहिली-दुसरीच्या वर्गात आठ महिने वापरल्यानंतर

आमची द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा आहे, अकोले तालुक्यात. पहिली-दुसरी माझ्याकडे एकाच खोलीत बसतात, तिसरी-चौथी शेजारच्या खोलीत गुरुजींकडे. गेल्या जूनमध्ये शाळा अनुदानातून आम्ही शंभर मण्यांची गणितमाळ घेतली. दहा लाल मणी, मग दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, अशी शंभरपर्यंत. ‘बाई, घ्यावी का?’ असं आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, शिक्षिका मैत्रिणी विचारतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. घ्या. पण कपाटात ठेवणार असाल तर मुळीच घेऊ नका.

सुरुवातीला मीच चूक केली. माळ फळ्याच्या वर, दोन खिळ्यांमध्ये ताणून बांधली. मी छडीने मणी दाखवायचे, मुलं खाली बसून एका सुरात आकडे म्हणायची. दोन आठवडे असेच गेले आणि काहीच घडलं नाही. मग ती खिडकीखालच्या भिंतीवर मुलांच्या छातीइतक्या उंचीवर आणली आणि वीतभर दोरा सैल सोडला, म्हणजे मणी सरकतात आणि मोजलेले बाजूला करता येतात. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीतही माळेपाशी कोणी ना कोणी उभं असतं.

सगळ्यात मोठा उपयोग झाला तो संख्यांच्या नावांसाठी. आपल्या मराठीत ‘पस्तीस’ म्हणताना पाच आधी कानावर पडतात, तीस नंतर. मूल ऐकतं त्याच क्रमाने लिहितं, आणि पाटीवर येतं ५३. याला आपण ‘लक्ष नाही’ म्हणतो, पण ते पोर तर अगदी लक्ष देऊन ऐकत असतं. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची जोड दिली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. पहिलीचा वर्ग हातात असलेल्या माणसाला त्यामागची अडचण कळते. मी दोन्ही ठेवते. माळेवर हात फिरवत ‘तीस आणि पाच’, आणि लगेच ‘पस्तीस’. तीन पट्टे पूर्ण, चौथ्यातले पाच. हाताने तीन पट्टे ओलांडले की ५३ लिहिणं आपोआप कमी होत जातं.

एकोणचाळीसची गंमत तर सांगायलाच हवी. दुसरीतली एक मुलगी नेहमी ४९ लिहायची. चाळीस ऐकू येतं, शेवटचा आकडा नऊ हे तिला पाठ होतं, म्हणून ४९. तिला माळेपाशी नेलं आणि चाळीसच्या पुढे चिमटा लावायला सांगितला. कपडे वाळत घालायचा साधा चिमटा. मग म्हटलं, एकोण म्हणजे एक उणा, एक मणी मागे ये. ती मागे आली, बोटाने तीन पट्टे मोजले, चौथ्यातले नऊ मोजले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “बाई, हे तर तीसच्या घरातलं!” मग ती एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर अशी स्वतःच चिमटा सरकवत गेली.

चिमट्याविषयी एक सांगते. तो मण्यावर लावू देऊ नका, मण्यानंतर लावायचा. सदतीस म्हणजे अलीकडचे सगळे सदतीस मणी, तो एकटा सदतिसावा मणी नव्हे. हे मी ऑगस्टपर्यंत नीट पाळलं नव्हतं. त्यामुळे वजाबाकीत मुलांचं उत्तर सारखं एकाने चुकायचं.

बेरजेत मुलं जे शिकली ते उभ्या मांडणीतून मला कधीच दिसलं नव्हतं. २८ अधिक १५: दोन मणी घेऊन तीस गाठायचं, उरले तेरा, झाले त्रेचाळीस. हातचा शिकवायच्या आधीच पहिलीतली चार-पाच मुलं हे तोंडी करू लागली.

आता उणिवा. आमच्या माळेचा सुती दोरा सप्टेंबरात भर वर्गात तुटला. मणी बाकाखाली, दाराबाहेर, चपलांमध्ये. गोळा करून ओवताना कळलं की मुळात माळेत नव्व्याण्णवच मणी होते, सहाव्या पट्ट्यात नऊच. जुलैमध्ये पहिलीतला एक मुलगा मला म्हणाला होता, “बाई, इथं कमी आहे,” आणि मी ‘नीट मोज’ म्हणून त्याला परत पाठवलं होतं. मी सगळ्या वर्गासमोर त्याला सांगितलं की तुझं बरोबर होतं. तेव्हा माळ आणली की टांगण्याआधी मोजा, तीही मुलांकडूनच. दोरा नायलॉनचा, जाड घ्या. एक माळ वीस मुलांना पुरत नाही. आम्ही दोघा-दोघांत एक अशा लहान माळा ओवून घेतल्या. आणि ही शंभरावर थांबते. निपुण भारत या वाचन-लेखन आणि गणिताचा पाया पक्का करण्याच्या केंद्र सरकारच्या अभियानाच्या उद्दिष्टात पहिलीला ९९ आणि दुसरीला ९९९ पर्यंतच्या संख्या आहेत, त्यामुळे दिवाळीनंतर दुसरीला दशकाचे दांडे, शतकाच्या पाट्या आणि खेळातल्या नोटा लागतातच.

जानेवारीत शाळेत बाल आनंद बाजार भरवला. दरवर्षी भरवतो. हरभऱ्याची भाजी, वालाच्या शेंगा, बोरं, पेरू, भेळ, एका कोपऱ्यात चहा. इतकी वर्षं सुटे पैसे परत देताना पालकच मुलांच्या हातातून नोट घेऊन हिशेब करायचे. यंदा पहिलीच्या मुलांनी लहान माळा पोत्यावर आणून ठेवल्या. बारा रुपयांची भाजीची जुडी, समोर वीसची नोट. पोराने बारानंतर चिमटा लावला आणि वीसपर्यंत मोजलं, आठ. भाजीवाल्या मावशीही अशाच देतात की, बारापासून पुढे मोजत. हे मला त्या दिवशी लक्षात आलं.

एका मुलाची आजी बोरं घ्यायला आली होती. शाळेत कधी गेलेली नाही. नातवाने पंचेचाळीस रुपये झाले म्हणून सांगितलं, तर ती म्हणाली, “म्हंजी दोन विसा न् पाच.” पोरं बघतच राहिली. मग तिने वाकून माळ हातात घेतली, एक लाल आणि एक पांढरा पट्टा चिमटीत धरला आणि म्हणाली, “ही एक विसा.” पुढची जोडी धरली, “ही दुसरी.” मग पाच मणी वेगळे केले. जुन्या माणसांचा विशीचा हिशेब या माळेत असा बसेल हे माझ्या कधी डोक्यातही आलं नव्हतं.

सोमवारी शाळा भरली तर दुसरीतली पोरं परिपाठाआधीच माळेपाशी, चार विसा किती म्हणून जोड्या धरत उभी. ज्याला जुलैमध्ये मी परत पाठवलं होतं तो पहिलीतला मुलगा आठव्या पट्ट्याशी थांबला, चिमटा लावला आणि म्हणाला, “ऐंशी. आणि आजीला विचारलंय मी, पाच विसा म्हणजे सगळी माळ.”