चुंबकाने डीजे स्टेंट काढण्याची सोय: नाशिकमधील एका रुग्णालयाचा अनुभव

माझ्या वडिलांच्या मूत्रवाहिनीत अडकलेला खडा गंगापूर रोडवरील एका युरॉलॉजी रुग्णालयात दुर्बिणीतून लेझरने फोडण्यात आला आणि नंतर आत ठेवलेली बारीक नळी, म्हणजे डीजे स्टेंट, चुंबकाच्या साहाय्याने काढण्यात आली. हे परीक्षण मुख्यतः या दुसऱ्या सोयीविषयी आहे, कारण खडा कसा काढणार हे सगळेच विचारतात, स्टेंट कसा काढणार हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

शस्त्रक्रियेनंतर मूत्रवाहिनीला सूज येऊन लघवी तुंबू नये म्हणून दोन्ही टोकांना वळलेली ही बारीक नळी मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत ठेवतात. साधा स्टेंट काढण्यासाठी बहुधा मूत्रमार्गातून पुन्हा दुर्बीण घालावी लागते, आणि पुरुषांचा मूत्रमार्ग लांब असल्याने अनेकांना या दुसऱ्या खेपेचीच अधिक धास्ती असते. चुंबकाच्या स्टेंटला मूत्राशयाकडील टोकाशी दोऱ्याने ज्वारीच्या दाण्याएवढा चुंबक जोडलेला असतो. वडिलांना ओपीडीतच झोपवून, बधिर करणारी जेली लावून, टोकाला चुंबक असलेले कॅथेटर (मूत्रमार्गातून घालायची लवचिक नळी) डॉक्टरांनी हळूहळू आत सरकवले. किंचित फिरवल्यावर दोन्ही चुंबक एकमेकांना चिकटले आणि कॅथेटरमागोमाग अख्खा स्टेंट बाहेर आला. जळजळ झाली, पण भूल द्यावी लागली नाही आणि वडील स्वतःच्या पायांनी चालत गाडीपर्यंत आले.

ही कल्पना नवी नाही. अशा स्टेंटविषयी १९८९ सालीच वैद्यकीय नियतकालिकात लिहिले गेले होते. तरीही ती सरसकट वापरली जात नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. स्टेंट आत असताना वारंवार लघवीला लागणे आणि कमरेत कळ येणे हा त्रास मात्र चुंबकामुळे टळत नाही, हे डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितले होते. चुंबक पकडीत आला नाही तर दुर्बीणच वापरावी लागेल, याचीही कल्पना त्यांनी दिली होती.

माझी तक्रार एकच, पण गंभीर आहे. डिस्चार्ज कार्डावर नुसते ‘डीजे स्टेंट’ असे लिहिले होते, चुंबकाचा उल्लेखच नव्हता. शरीरात चुंबक असताना एमआरआय करण्यापूर्वी तेथील डॉक्टरांना ते सांगणे अत्यावश्यक असते, आणि घाईच्या प्रसंगी नातेवाइकांच्या हाती केवळ ते कार्डच असते. आम्ही विचारल्यावर त्यांनी ते लिहून दिले. न विचारता लिहायला हवे होते.

हा स्टेंट साध्यापेक्षा महाग पडला, पण दुर्बिणीचा आणि ऑपरेशन थिएटरचा वेगळा खर्च वाचला. स्टेंट काढण्याच्या तारखेची आठवण रुग्णालयाने स्वतःहून फोन करून दिली, हे मला विशेष मोलाचे वाटते, कारण दुखणे थांबल्यावर स्टेंट विसरून जाणारे रुग्ण असतात, आणि विसरलेल्या स्टेंटवर क्षार साचून तो काढण्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते.