चिअरलीडिंगच्या सरावात कोणता खेळ घ्यावा? मुलांच्या संघांसाठी तुलनात्मक आढावा

मुलांच्या चिअर संघाचा सराव साधारण दीड तास चालतो. त्यातून वॉर्म-अप, स्ट्रेचिंग, स्टंट (एखाद्याला उचलून वर धरणं) आणि रूटीन (संगीतावर बसवलेला पूर्ण कार्यक्रम) वजा केलं की खेळासाठी पंधरा-वीस मिनिटं उरतात. तेवढ्यात एक खेळ बसतो, फार तर दोन. म्हणूनच नव्या कोचला आणि मदतीला उभ्या राहणाऱ्या पालकांना पहिल्याच आठवड्यात प्रश्न पडतो, की घ्यायचा कोणता आणि सोडायचा कोणता. मजा हा निकष इथे फारसा उपयोगी पडत नाही, कारण मुलांना जवळजवळ सगळ्याच खेळांत मजा येते. मी दोन गोष्टी बघते. खेळ संपल्यावर त्यातलं रूटीनमध्ये काय उतरलं? आणि खेळ चालू असताना किती मुलं नुसती उभी होती?

दुसऱ्या प्रश्नाकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. पण खेळाखेळांतला फरक दिसतो तो तिथेच.

मोशनसाठी: सायमन की आरसा?

मोशन म्हणजे हातांच्या ठरलेल्या स्थिती. ‘सायमन म्हणतो’ सगळ्यांना माहीत आहे. ‘सायमन म्हणतो, हाय व्ही’ ऐकलं की हात व्हीच्या आकारात वर न्यायचे, नुसतं ‘हाय व्ही’ ऐकलं तर जागचं हलायचं नाही. तयारी काहीच लागत नाही, वीस मुलं एकाच वेळी खेळतात आणि मोशनची नावं भराभर तोंडात बसतात. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी, हंगामाच्या सुरुवातीला, याच्याइतका सोयीचा खेळ दुसरा नाही.

अडचण आहे ती बाद करण्याच्या नियमात. जी मुलं सर्वांत कच्ची, ती पहिल्या मिनिटात कडेला जाऊन बसतात. ज्यांना सरावाची गरज कमी, ती शेवटपर्यंत खेळतात. हे अगदी उलटं झालं. यावर सोपा उपाय आहे. शेजारीशेजारी दोन सायमन उभे करायचे आणि चुकलेल्याने दुसऱ्या गटात जायचं. कुणी बाद होत नाही आणि पळापळीची गंमतही राहते. दुसरी मर्यादा मात्र उपायाने जात नाही. सायमनमध्ये परीक्षा होते ती कानांची, हाताच्या आकाराची नाही. वाकड्या कोपरांनी, पण योग्य क्षणी हात वर नेणारं मूल जिंकतं.

आरशाच्या खेळात दोघं समोरासमोर उभे राहतात. एकाने सावकाश मोजत मोशन करायच्या, दुसऱ्याने आरशासारख्या तशाच करायच्या, मग अदलाबदल. इथे कुणीच रिकामं नसतं आणि नजर आकारावर असते. ‘टी’ मोशन घ्या. हात खांद्याच्या रेषेत आडवे, मुठी घट्ट, अंगठा बाहेर. बहुतेक मुलांचे हात नकळत खांद्यांच्या मागे जातात आणि मनगट खाली मोडतं. हात किंचित पुढे हवेत, इतके, की समोर बघताना दोन्ही मुठी डोळ्यांच्या कोपऱ्यांत दिसाव्यात. कोचने कितीही ओरडून सांगितलं तरी त्या मुलाला स्वतःचं मनगट दिसत नसतं. समोरच्या जोडीदाराला ते लगेच दिसतं. मी एक नियम जोडते: मोशन थांबली की समोरच्याने एकच शब्द बोलायचा, मनगट, कोपर किंवा खांदा. दुसरं काही नाही. आठ-नऊ वर्षांची मुलं यात फार गंभीरपणे रमतात आणि एकमेकांचं ऐकतातही.

आरशात एक खाचखळगा आहे. आरशात डावं-उजवं उलटतं. त्यामुळे ‘के’, ‘एल’ किंवा डायगोनलसारख्या, दोन्ही बाजू सारख्या नसलेल्या मोशन या खेळात घेतल्या तर निम्मी मुलं त्या चुकीच्या बाजूने पक्क्या करतात, आणि मग त्या सुटता सुटत नाहीत. हाय व्ही, लो व्ही, टी, टचडाउन, डॅगर या दोन्ही बाजू सारख्या असलेल्या तेवढ्याच घ्याव्यात. बाकीच्या मोशनसाठी मुलांना एकामागे एक उभं करून सावलीसारखं खेळवावं.

थोडक्यात, सात वर्षांपर्यंत सायमन, त्यापुढे आरसा. संघात दोन्ही वयांची मुलं असतील तर आरसाच, फक्त प्रत्येक लहानासमोर एक मोठं मूल द्यायचं.

जंपसाठी: रिले की पत्ते?

रिले दिसायला सर्वांत झकास. चार रांगा, समोरच्या टोकापर्यंत धाव, तिथे एक टो टच (पाय दोन्ही बाजूंना फाकवून मारायची जंप), परत येऊन टाळी. आरडाओरडा होतो, पालक खूश होतात. पण हिशेब करून बघा. पाच जणांच्या रांगेत एक पळतो तेव्हा चार उभे असतात आणि पूर्ण फेरीत प्रत्येकाच्या वाट्याला एकच जंप येते. त्यातही ती घाईची. रिले बक्षीस देते वेगाला, त्यामुळे मुलं पाय फाकवून, गुडघे ताठ ठेवून उतरतात आणि पळत सुटतात. जंपमध्ये शिकायचं मुख्य तर उतरणंच आहे: पाय जुळलेले, गुडघे किंचित वाकलेले, छाती वर. गुडघ्या-घोट्यांची काळजी त्यातच आहे आणि परीक्षकाची नजरही तिथेच जाते.

पत्त्यांचा खेळ शांत आहे, पण माझं मत त्याच्याच बाजूने आहे. प्रत्येक रंगाला एक जंप ठरवायची: इस्पिक म्हणजे टो टच, बदाम म्हणजे हर्की (एक पाय बाजूला ताठ, दुसरा दुमडलेला), चौकट म्हणजे पाइक (दोन्ही पाय समोर ताठ), किलवर म्हणजे टक (गुडघे छातीशी). एकेका मुलाने पान उलटायचं आणि सगळ्यांनी मिळून ती जंप मोजणीवर मारायची. पानावरच्या आकड्याइतक्या जंप मारायला लावतात कुठे कुठे, ते नको. दश्शी निघाली की शेवटच्या चार-पाच जंप नुसत्या धडपडीच्या होतात. दोन ते पाचला एक जंप, सहा ते दहाला दोन आणि राजा-राणी-गुलाम आले की विश्रांती म्हणून एक चँट (संघाची घोषणा), एवढं पुरे. एक्का निघाला तर जंप निवडायचा मान पान उलटणाऱ्याचा. एका डावात माणशी पंचवीस जंपांच्या वर मी जाऊ देत नाही, कारण दमलेले पाय उतरायला चुकतात.

याच्या जोडीला एक लहानसा खेळ सांगते. त्याला आमची मुलं ‘मांजरपावलं’ म्हणतात. एक जण सगळ्यांकडे पाठ करून उभा राहतो. बाकीचे मोजणीवर एकत्र जंप मारतात. ऐकणाऱ्याने सांगायचं, उतरताना एक आवाज आला की अनेक, आणि जोरात आला की हळू. एकच आणि हळू आवाज आला तर संघाला गुण. पाच मिनिटांत दोन गोष्टी साधतात, मऊ उतरणं आणि एकसाथ उतरणं. शिवाय यात कुणी कुणाविरुद्ध खेळत नाही. जंपसाठी एकच खेळ घ्यायला वेळ असेल तर रिले आणि पत्ते दोन्ही बाजूला ठेवून हा घ्या.

रूटीन लक्षात राहण्यासाठी: साखळी की जागा पकडणे?

निवड सर्वांत अवघड आहे ती इथे, कारण दोन्ही खेळ चांगले आहेत.

साखळीत पहिलं मूल एक एट-काउंट, म्हणजे आठ मोजण्यांचा तुकडा, स्वतः रचतं. दुसरं तो करून त्याला आपला एट-काउंट जोडतं, तिसरं दोन्ही करून तिसरा जोडतं. सातव्या-आठव्या मुलापर्यंत डोक्याला चांगलाच ताण पडतो. स्पर्धेचं रूटीन बहुधा जास्तीत जास्त अडीच मिनिटांचं असतं. मिनिटाला 144 ठेक्यांचं संगीत असेल तर तेवढ्यात 45 एट-काउंट बसतात. एवढं सगळं लक्षात ठेवायची सवय साखळीतून लागते आणि लाजाळू मुलालाही स्वतःचं काहीतरी संघासमोर ठेवता येतं. दोष तोच जुना: वीस जणांची एक साखळी केली तर आपली पाळी येईपर्यंत मूल कंटाळतं. म्हणून पाच-सहा जणांचे गट करावेत. आणि एकाने केलं की पूर्ण गटाने ते करावं, एकट्याने नव्हे. सात वर्षांखालच्या मुलांना एट-काउंटऐवजी एकच मोशन जोडायला सांगावं.

जागा पकडण्याच्या खेळात संगीत वाजत असताना मुलं फ्लोअरभर वाटेल तशी नाचतात. संगीत थांबलं की कोच फॉर्मेशनचं (संघाच्या उभं राहण्याच्या रचनेचं) नाव किंवा क्रमांक पुकारतो आणि आठ मोजायच्या आत प्रत्येकाने आपल्या जागी, तोंड पुढे करून, हात कमरेवर ठेवून उभं राहायचं. संगीतखुर्चीसारखा वाटतो, पण इथे जागा कमी होत नाहीत आणि कुणी बाद होत नाही. घड्याळ लावावं, संघ स्वतःच्याच आधीच्या वेळेशी स्पर्धा करतो.

स्पर्धेच्या फ्लोअरवर मॅटच्या नऊ पट्ट्या असतात, सगळ्या मिळून 54 फूट रुंद आणि 42 फूट खोल. मुलांना जागा ओळखायच्या असतात त्या या पट्ट्यांच्या सांध्यांवरून. जागा पकडताना मुलं सांधे मोजायला शिकतात: मधली पाचवी पट्टी, तिच्या उजवीकडचा दुसरा सांधा, वगैरे. शाळेच्या हॉलमध्ये किंवा मैदानावर सराव असेल तर रंगीत टेपने किंवा चुन्याने तेवढ्याच रेषा आखून घ्याव्यात. जागा अपुरी असेल तर पट्ट्या अरुंद करा, पण नऊच ठेवा. आखायला दहा मिनिटं जातात, पण हंगामभर ‘कुठे उभी राहू?’ हा प्रश्न मिटतो. धोका एकच, टक्कर. त्यामुळे पळायचं नाही, झपझप चालायचं, आणि वाट कापताना कोण पुढून जाणार आणि कोण मागून, हे रूटीनप्रमाणेच ठरलेलं ठेवायचं.

रूटीन अजून बसवायचं असेल तर साखळी. बसवून झालं असेल आणि स्पर्धा चार-सहा आठवड्यांवर असेल तर जागा पकडणे, तेही प्रत्येक सरावात. तेव्हा साखळी घेतली तर नव्या रचना डोक्यात मिसळतात आणि ऐन वेळी भलतंच हाताला येतं.

संगीत थांबलं की पुतळा होण्याचा खेळ मजेचा आहे, पण त्यातून रूटीनला फारसं काही मिळत नाही. वॉर्म-अपला ठीक.

आवाजासाठी

‘कोणाचा आवाज मोठा’ हा खेळ मला पटत नाही. दोन गट आळीपाळीने ओरडतात, प्रत्येक वेळी घसा आणखी ताणतात आणि आवाज चढत चढत किंचाळीवर जातो. दुसऱ्या दिवशी निम्म्या संघाचा घसा बसलेला असतो. चँट पोटातून यायला हवं, स्वर खालचा आणि शब्द सुटे.

त्याऐवजी एका मोठ्या माणसाला हॉलच्या दुसऱ्या टोकाला वही-पेन देऊन उभं करा. मुलांना चार-पाच नवी, निरर्थक वाटतील अशी चँटं द्या. प्रत्येक गटाने एक म्हणायचं, एक हात पोटावर ठेवून. त्या माणसाने ऐकू आलेले शब्द लिहायचे. जितके शब्द बरोबर, तितके गुण. किंचाळणारा गट हरतो, कारण त्याचे शब्द एकमेकांत मिसळतात. हे मुलांना सांगावं लागत नाही. वहीत काय लिहिलंय ते वाचून दाखवलं की पुरे. सहा वर्षांच्या मुलांपासून पंधरा वर्षांच्या मुलांपर्यंत सगळ्यांना चालतो.

स्टंटचे खेळ

कोणता गट फ्लायरला (वर उचललं जाणारं मूल) आधी वर नेतो, कोण जास्त वेळ धरून ठेवतो, अशा शर्यती काही ठिकाणी लावतात. या लावूच नयेत. बेसची (खालून उचलणाऱ्यांची) पकड पक्की होण्याआधी आणि बॅकस्पॉटची (मागून सांभाळणाऱ्याची) नजर फ्लायरवर नसताना वर नेलं, तर पडणारं मूल वरचं असतं आणि मार खालच्यांनाही लागतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्ये चिअरलीडिंगच्या दुखापतींवर शिफारशी दिल्या. त्यांत स्टंट कठीण, ओल्या किंवा उंचसखल जमिनीवर करू नयेत, आणि डोक्याला मार लागल्याची शंका आली तरी मुलाला खेळातून लगेच बाहेर काढावं, असं स्पष्ट म्हटलं आहे. खेळाच्या भरात नेमकं हेच विसरलं जातं.

स्टंटच्या गटांना खेळ हवाच असेल तर फ्लायरला जमिनीवरच ठेवून खेळवा. तिघांनी आपापल्या जागा घ्यायच्या, बॅकस्पॉटने मोजणी म्हणायची, बेसने फक्त डिप (गुडघे किंचित वाकवणं) आणि हातांची हालचाल करायची, फ्लायरने जागच्या जागी ताठ राहून वरचे हात करायचे. कोच मध्येच ‘खाली’ म्हणेल, तेव्हा तिघांनी त्याच मोजणीला थांबून उतरवण्याच्या तयारीत यायचं. सगळ्यांत आधी येणाऱ्या गटाला गुण नाहीत, एकत्र येणाऱ्या गटाला आहेत.

एकमेकांचे हात धरून गाठ घालायचे आणि ती सोडवायचे खेळ नव्या संघात ओळखी व्हायला बरे, पण स्पर्धेच्या आठवड्यात नकोत, खांदे आणि मनगटं विनाकारण पिरगळतात. डोळे मिटून मागे पडण्याचा ‘विश्वासाचा’ खेळ कधीच नको. फ्लायर होणाऱ्या मुलाने पडताना शरीर ताठ ठेवून डोळे उघडे ठेवायला शिकायचं असतं.

खेळ सरावात कुठे ठेवायचा हेही ठरवावं लागतं. जंपचे खेळ वॉर्म-अपनंतर लगेच, पाय ताजे असताना. जागा पकडणे रूटीनच्या आधी. आवाजाचा खेळ अगदी शेवटी, सगळे दमलेले असताना, कारण स्पर्धेतही शेवटचं चँट म्हणायचं असतं ते दम लागलेला असतानाच.