पुरात बुडालेली फॉर्च्युनर ‘सिंगल ओनर’ म्हणून विकली. माझे ३१ लाख अडकले

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यातील जुन्या गाड्यांच्या एका व्यापाऱ्याकडून मी २०१९ सालची डिझेल, ऑटोमॅटिक टोयोटा फॉर्च्युनर २७,४०,००० रुपयांना घेतली. ती गाडी सप्टेंबर २०२२ मध्ये बेंगळुरूच्या पुरात डॅशबोर्डच्या वरपर्यंत बुडालेली होती, विमा कंपनीने तिचा ‘टोटल लॉस’ (दुरुस्ती परवडणार नाही इतके नुकसान) मंजूर केला होता आणि लिलावात भंगाराच्या भावाने गेलेली ती गाडी धुऊन-पुसून, नवे गालिचे व नवी सीटकव्हरे घालून माझ्या गळ्यात मारण्यात आली. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे व्यापाऱ्याचे नाव येथे लिहीत नाही. बाकी जे घडले ते रकमांसह लिहितो.

गाडी दिखाव्यासाठी घेतली असे काही नातेवाईक आता बोलतात, म्हणून आधी तेच स्पष्ट करतो. आमच्या घरात आई-वडील धरून सात माणसे आहेत, सांगलीहून कोकणात वर्षातून अनेकदा जाणे होते, आणि नवी ऑटोमॅटिक फॉर्च्युनर रस्त्यावर येईपर्यंत तेव्हा चाळीस लाखांच्या वर जात होती, जे मला शक्य नव्हते. जुनी फॉर्च्युनर घेण्यामागे हिशेब होता: इंजिन टिकाऊ, सुटे भाग सर्वत्र मिळणारे आणि पुढे विकताना किंमत न पडणारी गाडी. पण किंमत पडत नाही या एकाच कारणामुळे बुडालेली फॉर्च्युनर पुन्हा उभी करणे अशा गाड्या विकणाऱ्या टोळ्यांना परवडते, हे मला कोणी सांगितले नव्हते. साधी हॅचबॅक पुरात गेली तर ती बहुधा सुट्या भागांसाठी तोडली जाते. फॉर्च्युनरवर पाच-सहा लाख खर्च करूनही वरती दहा लाख सुटतात.

पैसे असे गेले. टोकन ५१,००० रुपये, बँकेचे कर्ज १८,००,००० रुपये आणि माझ्या खात्यातून आरटीजीएसने ८,८९,००० रुपये. कर्नाटक पासिंगची गाडी महाराष्ट्रात आणण्यासाठी रोड टॅक्स, एनओसी (आधीच्या राज्याचा ना-हरकत दाखला) आणि ट्रान्सफर मिळून ३,१२,००० रुपये वेगळे घेतले, विमा ५८,४३० रुपये. एकूण ३१,१०,४३० रुपये. त्याच वर्षाच्या, तेवढ्याच रनिंगच्या महाराष्ट्र पासिंगच्या गाड्या तेव्हा साडेएकोणतीस ते साडेतीस लाख सांगत होते, त्यामुळे टॅक्स धरला तर मला ही गाडी स्वस्तात मिळाली असेही म्हणता येत नाही. लोभापायी फसला, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब पुन्हा वाचावा.

मी चौकशी केली नव्हती, असेही नाही. ओळखीचा मिस्त्री सोबत नेला होता, त्याने इंजिन ऐकले, गाडी चालवून पाहिली, खालून चेसिस पाहिली. परिवहन विभागाच्या ॲपवर नंबर टाकला, तेव्हा मालक क्रमांक एक, कर्जाचा बोजा नाही, काळ्या यादीत नाही, चलन थकीत नाही, असे सगळे स्वच्छ दिसले. बँकेने स्वतःचा मूल्यांकनकार पाठवला आणि त्याने गाडीची किंमत २८,५०,००० रुपये लिहून दिली. ज्याच्या अहवालावर बँक अठरा लाख रुपये देते, त्याच्या अहवालावर मी विश्वास ठेवला.

तरीही एक क्षण असा होता की तो आठवला की अजून झोप लागत नाही. व्यापाऱ्याच्या केबिनमध्ये जुन्या विमा पॉलिसीची प्रत माझ्या हातात होती. मार्च २०२३ मध्ये काढलेली पॉलिसी, ‘मागील पॉलिसीचा तपशील’ हा रकाना कोरा आणि नो क्लेम बोनसपुढे (क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) शून्य टक्के. ज्या माणसाने २०१९ पासून एकच गाडी वापरली आणि कधी क्लेम घेतला नाही, त्याचा बोनस २०२३ पर्यंत चांगलाच वाढलेला असायला हवा. मी तो शून्य पाहिला, त्यावर बोट ठेवले आणि विचारलेसुद्धा. व्यापारी जराही न अडखळता म्हणाला, “साहेब, मालक डॉक्टर आहेत, दीड वर्ष परदेशात होते. गाडी पार्किंगमध्ये झाकून उभी होती, म्हणून रनिंग कमी आणि म्हणूनच पॉलिसीत खंड पडला.” पॉलिसी संपून नव्वद दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर बोनस जातो, हे खरे आहे आणि मला ते माहीत होते. रनिंगही जुळत होते: सर्व्हिसच्या कागदांवर जून २०२२ मध्ये ५८,२४० किलोमीटर आणि मीटरवर ६१,४००. एका खोट्याने तिन्ही शंका इतक्या नीट मिटवल्या की पुढचा प्रश्न विचारायला जागाच उरली नाही. माझ्या जागी कोणीही असता तरी त्याचे समाधान झाले असते. जुनी गाडी घेताना शून्य बोनसची पॉलिसी दिसली आणि मालक बदललेला नसला, तर त्याआधीच्या वर्षाची पॉलिसी हातात पडेपर्यंत टोकनसुद्धा देऊ नका.

मी मालकाशी बोलण्याचा आग्रह धरला तेव्हा फोन लावून दिला. पलीकडचा माणूस हिंदीत अगदी आदराने बोलला, गाडी जपून वापरली म्हणाला. तो मालक नव्हताच.

जून २०२४ च्या पहिल्या पावसात गाडीचे खरे रूप दिसू लागले. आधी मागचा कॅमेरा बंद पडला, मग काचा आपोआप खाली येऊ लागल्या. स्थानिक गॅरेजमध्ये वायरिंगच्या कामाला ४६,७०० रुपये गेले. त्यानंतर रत्नागिरीहून परतताना आंबा घाटात, चढावर, धुक्यात, गाडीत आई, पत्नी आणि दोन मुले असताना इंजिन एकदम बंद झाले आणि मीटरमधले सगळे दिवे विझले. मागून ट्रक येत होते. टोचन करून गाडी कोल्हापूरला आणायला ८,५०० रुपये लागले.

कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये तेथील सुपरवायझरने प्रथम काय केले, तर तिसऱ्या रांगेतील सीटबेल्ट पूर्ण, अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढला. पट्ट्याचा नेहमी बाहेर असणारा भाग काळा स्वच्छ होता आणि आत गुंडाळून राहणाऱ्या भागावर मातकट तपकिरी रेघ होती. तिच्यावर बोट फिरवले तर बारीक गाळ बोटाला लागला. मग त्याने नवा गालिचा उचलला. खाली सीटच्या बोल्टांवर गंज होता, वायरिंगच्या जोडांतील तांबे हिरवे पडले होते आणि एअरबॅगच्या कंट्रोल युनिटचा जोड झिजून गेला होता. एअरबॅगचा इशारा देणारा दिवा पेटू नये म्हणून मीटर उघडून तो निकामी केला होता. म्हणजे घाटात अपघात झाला असता तर एअरबॅग उघडलीच नसती, आणि हे त्या माणसांना माहीत होते, कारण दिवा त्यांनी स्वतः मारला होता. पैशांची फसवणूक एक वेळ समजू शकते. लहान मुले बसणार आहेत हे डोळ्यांनी पाहून अशी गाडी देणे हा वेगळा गुन्हा आहे, आणि त्यासाठी माझ्याकडे सौम्य शब्द नाही. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझलाच पाहिजे. तो मुळीच लागत नसेल तर गाडीतून उतरा.

त्याच संगणकावर सर्व्हिसचा पूर्ण इतिहास निघाला. व्यापाऱ्याने मला दिलेल्या छापील कागदांचे शेवटचे पान गायब होते. त्या पानावर सप्टेंबर २०२२ ची नोंद होती: गाडी टोचनने आणली, पाण्याची पातळी डॅशबोर्डच्या वर, दुरुस्तीचा अंदाज २१,८६,००० रुपये, काम केले नाही. सर्व्हिस हिस्टरी विकणाऱ्याच्या हातून कधीही घेऊ नका, चेसिस नंबर घेऊन स्वतः सर्व्हिस सेंटरला जा. माझ्या गाडीच्या दुरुस्तीचा नवा अंदाज ९,७३,००० रुपये आला, तोही हमीशिवाय.

हे शक्य कसे होते, ते एनओसीच्या कागदांवरील पत्त्यावरून खऱ्या मालकाचा शोध घेतल्यावर कळले. सप्टेंबर २०२२ च्या त्या पुरात आउटर रिंग रोड आणि बेलंदूर भागातल्या तळघरांमधल्या महागड्या गाड्या कशा बुडाल्या होत्या, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले आहे. दुरुस्तीचा खर्च विमा उतरवलेल्या किमतीच्या पंचाहत्तर टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस ठरते. मालकाला भरपाई मिळते, पण पुष्कळदा आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) रद्द न करता गाडी आरसीसह सर्वाधिक बोली लावणाऱ्या भंगारवाल्याला दिली जाते, कारण आरसी असली की बोली वाढते. या मालकाने मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून दिल्या होत्या. त्यामुळे गाडी दोन-तीन हातांतून फिरली तरी सरकारी नोंदीत ती ‘सिंगल ओनर’च राहिली आणि त्यांनी मला दाखवलेला कागद अक्षरशः खरा होता. कायम निकामी झालेल्या गाडीची खबर मालकाने चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला द्यावी, असे मोटार वाहन कायद्याचे कलम ५५ सांगते. गाडी दुरुस्त होऊ शकते असे म्हटले की ते कलमही बाजूला पडते. आपल्याकडे २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले, २०२१ मध्ये चिपळूण बुडाले. तेव्हा टोटल लॉस झालेल्या गाड्या कोणत्या, हे विमा कंपन्यांना ठाऊक आहे आणि खरेदीदाराला ते कळण्याची सोय नाही.

आता यंत्रणांबद्दल. पोलिस ठाण्यात पहिले वाक्य ऐकले ते ‘हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे’. शेवटचे पान काढून टाकणे, मालक म्हणून दुसराच माणूस फोनवर उभा करणे आणि इशाऱ्याचा दिवा मारून ठेवणे यांत दिवाणी काय आहे, याचे उत्तर कोणी दिले नाही. मग व्यवहार फेब्रुवारीतला असल्यामुळे जुने कलम ४२० लागेल की १ जुलैपासून आलेली भारतीय न्याय संहिता, यावर माझ्यासमोर चर्चा झाली, जणू कलम ठरेपर्यंत गुन्हा घडलेलाच नव्हता. गुन्हा ज्या दिवशी घडला त्या दिवशीचा कायदा लागतो, हे मी वकिलाला विचारून त्यांना सांगितले. त्यानंतर हद्दीचा प्रश्न निघाला: गाडी बुडाली बेंगळुरूत, विकली पुण्यात, बंद पडली घाटात, तक्रारदार सांगलीचा. अखेर अदखलपात्र नोंदीचा कागद देऊन पाठवले, जेव्हा कलम ४२० दखलपात्र आहे. गुन्हा नोंदवून घेत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार पोलिस अधीक्षकांना लेखी अर्ज पाठवा आणि तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जा. माझा अर्ज पोस्टाने पोचल्याची पावती आहे. उत्तर नाही.

परिवहन कार्यालयाने महाराष्ट्राचा नंबर देताना गाडी प्रत्यक्ष तपासली होती. तीच गोष्ट मी तेथे मांडली, तर ‘आमचे काम चेसिस आणि इंजिन नंबर जुळवण्याचे’ असे सांगण्यात आले. टॅक्स घेताना गाडीचे वय, किंमत, इंधन सगळे पाहिले जाते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे नोंदणी प्राधिकाऱ्याचे अधिकारपत्र असले पाहिजे आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये दिली गेली पाहिजे. या व्यापाऱ्याकडे असे अधिकारपत्र आहे का, हे मी लेखी विचारले. दोन टेबलांवरून फिरून माझा अर्ज मलाच परत मिळाला. तुम्ही मात्र ते अधिकारपत्र पैसे देण्याआधी मागा, आणि पैसे ज्याच्या नावाची पाटी आहे त्याच्याच खात्यात टाका, कारण माझे आरटीजीएस व्यापाऱ्याच्या भावाच्या खात्यात घेतले गेले आणि आज तो भाऊ म्हणतो की ती उसनवारी होती.

ज्या विमा कंपनीने टोटल लॉस दिला, तिने ग्राहकाची माहिती गोपनीय असल्याचे कळवले. गाडी माझी, जीव माझ्या मुलांचे, आणि माहिती गोपनीय. बँकेने मूल्यांकनाचा अहवाल ‘अंतर्गत वापरासाठी’ होता असे सांगितले आणि ३९,१३६ रुपयांचा हप्ता पाच तारखेला न चुकता कापून घेतला.

ग्राहक आयोगात पन्नास लाखांपर्यंतची तक्रार जिल्ह्यातच होते आणि माझ्या रकमेला शुल्क फक्त १,००० रुपये पडले, म्हणून ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांनी दोन वर्षांची मुदत संपण्याआधी तक्रार जरूर दाखल करावी. डिलिव्हरीच्या कागदावर ‘गाडी जशी आहे तशी पाहून घेतली’ अशी ओळ असते. तिच्याखाली ‘गाडी पुरात बुडालेली नाही, टोटल लॉस झालेली नाही’ असे विकणाऱ्याच्या हस्ताक्षरात लिहून घ्या, तो नकार देईल तर तिथेच उत्तर मिळाले. माझ्या कागदावर फक्त पहिली ओळ आहे आणि त्यांचा वकील तीच वाचतो. ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तपासणी आवश्यक नसेल तर तीन महिन्यांत आणि तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा असे कलम ३८ मध्ये लिहिले आहे. माझी तक्रार अजून तज्ज्ञ नेमण्याच्या टप्प्यावर आहे.

गाडी दारात उभी आहे. ती विकून कर्ज कमी करावे म्हणून एका व्यापाऱ्याला पुराची सगळी हकिगत सांगूनच दाखवली, तर त्याने ११,५०,००० रुपये सांगितले आणि सीटबेल्ट बदलून दिले तर बारा लाख देतो म्हणाला. मी त्याला गाडी दिली नाही. आयोगाने नेमलेला तज्ज्ञ येईपर्यंत त्या पट्ट्यांना कोणाला हात लावू देणार नाही.